इंग्रजीतील ‘री’ उपसर्गाची क्रियापदे : अर्थ, वापर आणि नेहमी होणारे घोटाळे

एखादा खेळाडू ‘रिझाइन’ करतो म्हणजे तो क्लब सोडतो. तोच खेळाडू ‘री-साइन’ करतो म्हणजे तो त्याच क्लबशी पुन्हा करार करतो. रोमन लिपीत या दोन्ही शब्दांची अक्षरे सारखी आहेत, त्यांचा क्रमही सारखा आहे. फरक आहे तो एका हायफनचा आणि उच्चाराचा. अर्थ मात्र एकमेकांच्या अगदी उलट.

असाच प्रकार मालमत्तेच्या कागदात दिसतो. ‘रिलीज डीड’ म्हणजे हक्कसोडपत्र. भावाबहिणींपैकी कोणी वडिलोपार्जित मिळकतीवरचा आपला हिस्सा सोडतो, तेव्हा ते केले जाते. ‘री-लीस’ म्हणजे जागा पुन्हा भाडेपट्ट्याने देणे. पहिल्यात हक्क कायमचा जातो, दुसऱ्यात मालकी मालकाकडेच राहते.

‘आर’ आणि ‘ई’ या दोन अक्षरांचा हा उपसर्ग इंग्रजीतल्या शेकडो क्रियापदांना लागलेला आहे. रिचार्ज, रिटर्न, रिफंड, रिपोर्ट, रिझर्व्ह, रिन्यू, रिमांड असे त्यातले कित्येक शब्द मराठी बोलण्यातही रुळले आहेत. शाळेत त्याचा अर्थ ‘परत’ किंवा ‘पुन्हा’ असा सांगितला जातो. तो बरोबर आहे, पण अर्ध्याच शब्दांना पुरतो. उरलेल्या शब्दांत ‘परत’ शोधायला गेले की अर्थ चुकतो, आणि हे शब्द नेमके बँक, न्यायालय, विमा आणि नोकरीच्या कागदांत जास्त असतात.

उपसर्ग आला कुठून?

‘री’ हा उपसर्ग मूळ लॅटिन भाषेतला. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तिथे राज्यकारभाराची आणि न्यायालयाची भाषा फ्रेंच झाली आणि लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आलेले असंख्य शब्द इंग्रजीत शिरले. ‘री’ची जुनी क्रियापदे बहुतेक याच वाटेने आली. कायद्याच्या भाषेत ती इतकी दाट का आहेत, याचे एक कारण हेच.

लॅटिनमध्ये या उपसर्गाचे मुख्य अर्थ दोन : एक ‘मागे’ आणि दुसरा ‘पुन्हा’. मराठीत या दोन्हींसाठी एकच शब्द चालतो, तो म्हणजे ‘परत’. ‘पुस्तक परत दे’ यात तो ‘मागे’ या अर्थाने आहे आणि ‘परत सांग’ यात ‘पुन्हा’ या अर्थाने. त्यामुळे मराठी माणसाला हा उपसर्ग लवकर कळतो. ‘रीपे’ म्हणजे पैसे परत देणे आणि ‘रीराइट’ म्हणजे परत लिहिणे, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या दोन अर्थांशिवाय तिसरी एक छटा आहे : ‘उलट करणे’ किंवा ‘काढून टाकणे’. ‘रिव्हील’ म्हणजे उघड करणे. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ पडदा बाजूला सारणे असा आहे. ‘रिझाइन’ही याच वर्गातला. त्याच्या मुळाचा अर्थ शिक्का उठवणे, केलेली नोंद रद्द करणे. म्हणजे ‘रिझाइन’ आणि ‘री-साइन’ यांचे घटक एकच, पण एकात ‘री’चा अर्थ ‘उलट’ आहे आणि दुसऱ्यात ‘पुन्हा’.

लॅटिनमध्ये पुढे स्वर आला की या उपसर्गाला ‘ड’ जोडला जाई. ‘रिडीम’ या शब्दातला ‘ड’ तिथूनच आलेला आहे. त्याचा मूळ अर्थ परत विकत घेणे.

जुनी घडण आणि नवी घडण

पर्यावरणाच्या फलकांवर तीन शब्द नेहमी एकत्र दिसतात : रिड्यूस, रीयूज, रीसायकल. तिन्हींच्या सुरुवातीला तीच दोन अक्षरे आहेत. पण ‘रीयूज’ म्हणजे पुन्हा वापरणे आणि ‘रीसायकल’ म्हणजे टाकाऊ वस्तूवर प्रक्रिया करून तो माल पुन्हा वापरात आणणे, तर ‘रिड्यूस’ म्हणजे नुसते कमी करणे. त्यात ‘परत’ कुठेच नाही. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘मागे नेणे’ असा होता, पण आजच्या वापरात तो पुसला गेला आहे.

‘री’च्या सगळ्या क्रियापदांचे असे दोन गट पडतात.

*नवी घडण.* इंग्रजीत आधीपासून असलेल्या क्रियापदाला ‘री’ जोडून ती होते. उपसर्ग काढला तरी उरलेला शब्द एकटा उभा राहतो आणि अर्थाचा संबंधही दिसतो. ओपन–रीओपन, अप्लाय–रीअप्लाय, सबमिट–रीसबमिट, शेड्यूल–रीशेड्यूल, बिल्ड–रीबिल्ड, इलेक्ट–रीइलेक्ट. इथे ‘परत’ बिनधास्त चालतो.

*जुनी घडण.* हे शब्द इंग्रजीत तयार स्वरूपातच आले. उपसर्ग काढला की उरलेला तुकडा एकटा वापरता येत नाही, किंवा त्याचा मूळ शब्दाशी संबंध लागत नाही. ‘रिसीव्ह’मधून ‘री’ काढला तर ‘सीव्ह’ उरतो, आणि या अर्थाचे क्रियापद इंग्रजीत नाही. ‘रिजेक्ट’, ‘रिफर’, ‘रिड्यूस’ यांचेही तसेच. ‘रिटायर’मधून ‘टायर’ उरतो, पण निवृत्त होण्याचा दमण्याशी काही संबंध नाही. त्याचे मूळ ‘मागे ओढून घेणे’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दात आहे.

जुन्या गटातील काही शब्दांचे मूळ पाहिले की आजचा अर्थ लक्षात राहायला मदत होते.

- रिजेक्ट : मागे फेकणे, आज, नाकारणे, फेटाळणे.
- रिपोर्ट : परत वाहून आणणे, आज, बातमी किंवा माहिती कळवणे.
- रिफर : परत नेणे, आज, हवाला देणे, एखाद्याकडे पाठवणे. डॉक्टर रुग्णाला तज्ज्ञाकडे ‘रिफर’ करतात ते याच अर्थाने.
- रिझर्व्ह : मागे राखणे, आज, राखून ठेवणे. ‘न्यायालयाने निकाल राखून ठेवला’ हे बातम्यांतले मराठी वाक्य या क्रियापदाचा अर्थ अगदी नेमका सांगते.
- रिझेंट : तीव्रतेने जाणवणे, आज, एखाद्या गोष्टीचा मनात राग धरणे.

नवी घडण कोणत्याही क्रियापदाला करता येते असे मात्र नाही. ‘री’ सहसा अशा क्रियापदाला लागतो ज्याला कर्म आहे आणि ज्याच्या क्रियेने काहीतरी घडते किंवा बदलते. दार रंगवणे, पत्र लिहिणे, घर बांधणे या क्रिया पुन्हा करता येतात, म्हणून ‘रीपेंट’, ‘रीराइट’, ‘रीबिल्ड’ हे शब्द आहेत. झोपणे, हसणे, जाणे यांना ‘री’ लागत नाही. तिथे वेगळा ‘अगेन’ लिहावा लागतो. ‘रीअपिअर’, म्हणजे पुन्हा दिसणे किंवा पुन्हा परीक्षेला बसणे, असे अपवाद थोडे आहेत.

उच्चार आणि हायफन

कानाने ओळखायची एक सोपी खूण आहे. नव्या घडणीत ‘री’ दीर्घ आणि ठसठशीत उच्चारला जातो : रीओपन, रीराइट, रीयूज. जुन्या घडणीत तो बहुधा ऱ्हस्व होतो : रिसीव्ह, रिमूव्ह, रिफ्यूज. काही शब्दांत तो ‘रे’ होतो : रेकमेंड, रेप्रिझेंट, रेकग्नाइज. मराठीत ‘रिचार्ज’ असे ऱ्हस्व बोलले जात असले, तरी इंग्रजी उच्चार ‘रीचार्ज’ असाच आहे. ही खूण शंभर टक्के लागू पडत नाही, पण बहुतेक वेळा कामी येते.

ज्या ठिकाणी जुना आणि नवा असे दोन शब्द एकाच अक्षरांनी लिहिले जातील, तिथे नव्या शब्दात हायफन घालतात. या जोड्या ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत.

- रिझाइन : राजीनामा देणे. री-साइन : पुन्हा सही किंवा करार करणे.
- रिकव्हर : वसूल करणे, बरे होणे. री-कव्हर : पुन्हा आच्छादन घालणे, जसे सोफ्याला.
- रिझॉर्ट : एखाद्या उपायाचा आधार घेणे. री-सॉर्ट : पुन्हा वर्गवारी लावणे.
- रिफॉर्म : सुधारणा करणे. री-फॉर्म : पुन्हा स्थापन करणे, जसे फुटलेला वाद्यवृंद.
- रिझेंट : राग धरणे. री-सेंट : पुन्हा पाठवले.
- रिलीज : सोडणे, प्रसिद्ध करणे. री-लीस : पुन्हा भाडेपट्ट्याने देणे.

ईमेलमध्ये ‘मी कागद पुन्हा पाठवले’ असे लिहिताना हायफन विसरला, तर वाक्य ‘मला त्या कागदांचा राग आला’ असे वाचले जाऊ शकते.

काही शब्दांत नाम आणि क्रियापद यांचा उच्चारही बदलतो. ‘रेकॉर्ड’ हे नाम, ‘रिकॉर्ड’ हे क्रियापद. ‘रिफ्यूज’ म्हणजे नकार देणे, पण तसेच लिहिलेले ‘रेफ्यूस’ हे नाम म्हणजे कचरा.

मूळ एक, कामे तीन : रिकॉल, रिव्होक, रिपील

‘री’च्या क्रियापदांचे स्वरूप या तीन शब्दांइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते. तिघांचाही शब्दशः अर्थ ‘परत बोलावणे’. ‘रिकॉल’मध्ये ‘कॉल’ हा इंग्रजीत रुळलेला शब्द आहे, ‘रिव्होक’मध्ये हाक मारणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे आणि ‘रिपील’मध्ये त्याच अर्थाचा फ्रेंच शब्द. तरीही आज एकाच्या जागी दुसरा चालत नाही. काय ‘परत बोलावले’ जाते आहे, त्यावर शब्द ठरतो.

‘रिकॉल’ माणसासाठी, वस्तूसाठी आणि आठवणीसाठी. एखादा देश आपल्या राजदूताला ‘रिकॉल’ करतो. मोटार कंपनी ब्रेकमध्ये दोष आढळला की त्या तारखांना बनलेल्या गाड्या ‘रिकॉल’ करते. आणि ‘आय रिकॉल हिज नेम’ म्हणजे मला त्याचे नाव आठवते.

‘रिव्होक’ दिलेल्या परवानगीसाठी. परवाना, नेमणूक, मुखत्यारपत्र, मृत्युपत्र हे सारे ‘रिव्होक’ होते. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात पासपोर्ट ‘इम्पाउंड’ करणे आणि ‘रिव्होक’ करणे असे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात पासपोर्ट अडकवून ठेवला जातो, दुसऱ्यात तो रद्दच होतो.

‘रिपील’ फक्त कायद्यासाठी. मराठीत त्याला निरसन म्हणतात. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेले तीन कृषी कायदे नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेनेच मागे घेतले. त्यासाठी केलेल्या कायद्याच्या नावातच ‘रिपील’ हा शब्द आहे. त्याआधी, जानेवारी २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यांच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली होती. पण स्थगिती म्हणजे ‘रिपील’ नव्हे. स्थगितीत कायदा पुस्तकात राहतो, अंमल थांबतो. निरसनाने तो पुस्तकातूनच जातो. १८६० चा भारतीय दंड संहिता कायदाही १ जुलै २०२४ पासून असाच गेला आणि त्याची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली.

पैशाच्या व्यवहारातील ‘री’

‘पैसे परत’ या एका मराठी शब्दप्रयोगामागे इंग्रजीत पाच-सहा क्रियापदे आहेत.

*रिफंड* : ज्याने पैसे घेतले त्यानेच ते परत करणे. रद्द झालेल्या रेल्वे तिकिटाचे पैसे ‘रिफंड’ होतात. मराठीत परतावा. लॅटिन मुळाचा अर्थ ‘परत ओतणे’.

*रीइम्बर्स* : एखाद्याने दुसऱ्याच्या वतीने किंवा नियमाप्रमाणे खर्च केला, तो त्याला भरून देणे. या शब्दाच्या पोटात ‘थैली’ या अर्थाचा शब्द आहे, म्हणजे ‘परत थैलीत घालणे’. सरकारी मराठीत प्रतिपूर्ती. कर्मचाऱ्याने रुग्णालयात पैसे भरले आणि कार्यालयाने ते दिले, तर ती वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती. रुग्णालयाने जादा घेतलेले पैसे परत दिले, तर तो परतावा. अर्ज कोणाकडे करायचा, हे या फरकावर ठरते.

*रीपे* : कर्ज किंवा उसने घेतलेले फेडणे.

*रिकव्हर* : येणे वसूल करणे. कर्जदार ‘रीपे’ करतो, बँक ‘रिकव्हर’ करते. क्रिया एकच, बाजू दोन.

*रिडीम* : सोडवून घेणे. मराठीत गहाण ठेवलेले दागिने ‘सोडवतात’, तोच हा अर्थ. म्युच्युअल फंडाची युनिट्स परत देऊन पैसे घेणे किंवा भेटकुपन वापरून वस्तू घेणे, यालाही ‘रिडीम’ म्हणतात.

*रेमिट* : पैसे पाठवणे. मुळात ‘परत पाठवणे’, पण आज नुसते ‘पाठवणे’. परदेशातला मुलगा घरी पैसे ‘रेमिट’ करतो, तेव्हा तो काही परत करत नसतो.

इथे मराठीत आणखी एक गुंता होतो. प्राप्तिकराचा ‘रिटर्न’ म्हणजे करदात्याने भरायचे विवरणपत्र. ‘रिफंड’ म्हणजे जादा कापला गेलेला कर परत मिळणे. आणि गुंतवणुकीवरचा ‘रिटर्न’ म्हणजे त्यातून मिळालेले उत्पन्न. मराठीत दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्थाला परतावा हाच शब्द वापरला जातो, तर बोलताना बरेच लोक ‘रिटर्न आला का?’ असे विचारतात तेव्हा त्यांना ‘रिफंड’ म्हणायचे असते. रिटर्न भरला जातो आणि रिफंड येतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

वर्तमानपत्रांत रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाच्या बातमीत येणारा ‘रेपो’ शब्दही ‘रीपर्चेस’, म्हणजे पुनर्खरेदी, याचेच लघुरूप. बँका रोखे विकून पैसे घेतात आणि ठरलेल्या दिवशी तेच रोखे परत विकत घेतात. त्या व्यवहाराचा दर म्हणजे रेपो दर.

विम्यात ‘रिन्यू’ आणि ‘रिव्हाइव्ह’ यांची गल्लत महागात पडू शकते. मुदत संपताना पॉलिसी पुढे चालू ठेवणे म्हणजे ‘रिन्यू’. हप्ते न भरल्यामुळे बंद पडलेली पॉलिसी पुन्हा जिवंत करणे म्हणजे ‘रिव्हाइव्ह’. दुसऱ्यासाठी थकलेले हप्ते आणि त्यावरचे व्याज भरावे लागते, आणि प्रकृतीचा दाखलाही मागितला जाऊ शकतो.

न्यायालयातील ‘री’

‘रिमांड’ हा शब्द मराठीत पोलीस कोठडीशी जोडला गेला आहे. त्याचा मूळ अर्थ ‘परत पाठवण्याचा आदेश देणे’ असा आहे, आणि तो दोन ठिकाणी लागतो. आरोपीला न्यायालयासमोर आणले जाते आणि न्यायालय त्याला परत कोठडीत पाठवते, हा एक. अपिलाचे न्यायालय खटला खालच्या न्यायालयाकडे पुन्हा सुनावणीसाठी पाठवते, हा दुसरा. दिवाणी दाव्याच्या निकालात ‘द मॅटर इज रिमांडेड’ असे वाचून कोणाला अटक झाली असे समजायचे कारण नाही. दावा फक्त खाली परत गेलेला असतो.

‘रिव्ह्यू’ म्हणजे त्याच न्यायालयाने आपलाच निकाल पुन्हा तपासणे. सर्वोच्च न्यायालयाला हा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद १३७ ने दिला आहे. अपील वरच्या न्यायालयात होते, ‘रिव्ह्यू’ त्याच न्यायालयात.

‘रेमिट’चा इथला अर्थ बँकेतल्यापेक्षा अगदी वेगळा आहे. अनुच्छेद ७२ आणि १६१ यांनी राष्ट्रपती आणि राज्यपाल यांना शिक्षा ‘रेमिट’ करण्याचा अधिकार दिला आहे. म्हणजे शिक्षेचा प्रकार न बदलता तिची मुदत कमी करणे. ‘कम्यूट’ केल्यावर प्रकारच बदलतो, जसे फाशीऐवजी जन्मठेप.

‘रिक्यूज’ म्हणजे न्यायाधीशाने एखाद्या सुनावणीतून स्वतःहून बाजूला होणे. हे क्रियापद ‘स्वतः’ या अर्थाच्या सर्वनामासह येते : ‘द जज रिक्यूज्ड हिमसेल्फ’.

एक मराठी शब्द, अनेक इंग्रजी क्रियापदे

*आठवणे.* मराठीत ‘मला आठवते’ आणि ‘मला आठवण कर’ ही दोन रूपे आहेत. पहिल्यासाठी ‘रिमेंबर’, दुसऱ्यासाठी ‘रिमाइंड’. ‘प्लीज रिमेंबर मी टुमारो’ म्हणजे ‘उद्या माझी आठवण काढा’. ‘उद्या मला आठवण करा’ यासाठी ‘प्लीज रिमाइंड मी टुमारो’ हेच हवे. शिवाय ‘रिमेंबर टु लॉक’ म्हणजे कुलूप लावायला विसरू नका, तर ‘रिमेंबर लॉकिंग’ म्हणजे कुलूप लावल्याचे आठवणे.

*नाकारणे.* काही करायला नकार देणे म्हणजे ‘रिफ्यूज’ : ‘शी रिफ्यूज्ड टु साइन’. अर्ज किंवा प्रस्ताव फेटाळणे म्हणजे ‘रिजेक्ट’. आरोप नाकारणे यासाठी मात्र ‘री’चे क्रियापद नाही, तिथे ‘डिनाय’ लागते. आरोप ‘रिफ्यूज’ केला असे इंग्रजीत म्हणत नाहीत.

*उत्तर देणे.* ‘रिप्लाय’ म्हणजे पत्राला किंवा बोलण्याला उत्तर देणे. ‘रिस्पाँड’ जास्त व्यापक : उत्तर देणे किंवा कृतीने प्रतिसाद देणे. रुग्ण औषधाला ‘रिस्पाँड’ करतो, ‘रिप्लाय’ करत नाही. ‘रिअ‍ॅक्ट’मध्ये विचारापेक्षा प्रतिक्रियेचा भाग जास्त.

भारतीय कार्यालयांत या यादीत ‘रिव्हर्ट’ची भर पडली आहे. ‘काइंडली रिव्हर्ट’ म्हणजे कृपया उत्तर द्यावे. भारतीय इंग्रजीत हा अर्थ इतका पक्का आहे की देशात त्याने कोणाचे अडत नाही. पण ब्रिटन किंवा अमेरिकेतल्या वाचकासाठी ‘रिव्हर्ट’चा अर्थ ‘पूर्वीच्या स्थितीला परत जाणे’ एवढाच असतो, त्यामुळे तिकडच्या पत्रात ‘रिप्लाय’ लिहिलेले बरे. आणि भारतातही नोकरीच्या आदेशात ‘रिव्हर्टेड’ असा शब्द आला, तर त्याचा पत्राच्या उत्तराशी काही संबंध नसतो. बढती मिळालेल्या कर्मचाऱ्याला त्याच्या मूळ, खालच्या पदावर परत पाठवले आहे, असा त्याचा अर्थ असतो.

*उजळणी आणि तपासणी.* ब्रिटिश आणि भारतीय इंग्रजीत परीक्षेसाठी अभ्यासाची उजळणी म्हणजे ‘रिव्हाइज’. अमेरिकेत त्याला ‘रिव्ह्यू’ म्हणतात. तिथे ‘रिव्हाइज’ म्हणजे लिखाणात सुधारणा करणे. निकालानंतरचे शब्दही सारखे नाहीत. गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का आणि एखादे उत्तर तपासायचे राहिले का, एवढेच पाहतात. ‘रिव्हॅल्यूएशन’ म्हणजे पुनर्मूल्यांकनात उत्तराला किती गुण द्यायचे याचा नव्याने विचार होतो. अर्ज भरण्यापूर्वी यातले नेमके काय हवे आहे, ते ठरवावे.

‘बॅक’ आणि ‘अगेन’ची जास्तीची भर

‘रिटर्न बॅक’, ‘रिप्लाय बॅक’, ‘रिव्हर्ट बॅक’, ‘रिफंड बॅक’, ‘रिपीट अगेन’ हे प्रयोग भारतात सर्रास ऐकू येतात. याचे कारण मराठीच्या वाक्यात सापडते. मराठीत ‘परत’ हा वेगळा शब्द असतो आणि तो टाळला की वाक्य अपुरे वाटते. इंग्रजीत मात्र तो अर्थ उपसर्गातच आलेला असतो. म्हणून ‘प्लीज रिटर्न द बुक’ एवढेच वाक्य पूर्ण आहे.

अपवाद एक. क्रिया खरोखरच तिसऱ्यांदा होत असेल तर ‘अगेन’ योग्य ठरतो. शिक्षकाने प्रश्न एकदा विचारला, मग ‘रिपीट’ केला आणि त्यानंतर पुन्हा विचारला, तर ‘रिपीटेड इट अगेन’ म्हणता येते.

मागे कोणता शब्द जोडायचा?

क्रियापद बरोबर निवडूनही पुढचा छोटा शब्द चुकतो. नेहमी लागणारे काही असे :

- रिप्लाय टु, रिस्पाँड टु, रिफर टु, रिझॉर्ट टु
- रिलाय ऑन
- रिफ्रेन फ्रॉम, रिकव्हर फ्रॉम, रिटायर फ्रॉम
- रिमाइंड समवन ऑफ किंवा अबाउट

‘रिक्वेस्ट’ क्रियापद असेल तर त्यापुढे ‘फॉर’ येत नाही. ‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ चूक, ‘आय रिक्वेस्ट लीव्ह’ बरोबर. नाम असेल तर ‘फॉर’ हवा : ‘माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’. ‘रेकमेंड’नंतर व्यक्ती आणि ‘टु’ टाळावे. ‘ही रेकमेंडेड मी टु गो’ऐवजी ‘ही रेकमेंडेड दॅट आय गो’ लिहावे.

दिसतो उपसर्ग, पण नाही

‘रीड’, ‘रीच’, ‘रीप’, ‘रेकन’ हे शब्दही ‘आर-ई’नेच सुरू होतात, पण त्यांत उपसर्ग नाही. ते इंग्रजीचे मूळचे जर्मॅनिक शब्द आहेत आणि ती अक्षरे त्यांच्या धातूचाच भाग आहेत.

थोडक्यात

‘री’चे अनोळखी क्रियापद समोर आले की तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, उपसर्ग काढून उरलेला शब्द त्याच अर्थाने एकटा उभा राहतो का. राहत असेल तर ‘परत’ किंवा ‘पुन्हा’ लावून अर्थ लागतो. दुसरी, राहत नसेल तर अंदाज न करता शब्दकोश उघडावा. तिसरी, त्या क्रियापदाचे कर्म कोणते आहे ते पाहावे. परवाना, कायदा, पैसा, कैदी, खटला यांपैकी काय आहे, त्यावर शब्दाचा अर्थ बदलतो. पत्रात चूक झाली तर थोडे हसे होते आणि विषय संपतो. सही करायच्या कागदावर ‘रिलीज’, ‘रिव्होक’ किंवा ‘रिझाइन’ यांपैकी शब्द दिसला, तर मात्र त्याचा अर्थ नक्की कळेपर्यंत पेन खाली ठेवलेले चांगले.